आंबट गोळी आणि बाबांचं स्वादुपिंड

९ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू ते न फोडताच कपाटावर टाकून देशील, म्हणून पत्ता लॅबमधल्या एका मुलीकडून लिहून घेतला. आता फोडलंच आहेस तर वाच. पत्ता लाकूडवाल्या काकांनी दिला. त्यांना बोल लावू नकोस. त्यांच्या वखारीत तासभर ठाण मांडून बसले, तेव्हा कुठे त्यांनी तोंड उघडलं.

बाबा ठीक आहेत. खरं तर हेच आधी लिहायला हवं होतं. आठ वर्षांनी बहिणीचं पत्र आलं म्हटल्यावर माणसाच्या मनात दुसरं काय येणार? तर बाबा ठणठणीत आहेत. मागच्या महिन्यात हर्नियाचं ऑपरेशन झालं, आठव्या दिवशी टाके काढले, दहाव्या दिवशी ते कारखान्यात जाऊन बसले. ‘कारखाना’ म्हणजे आपली मागची खोलीच. अजून सकाळभर लाकडाला पॉलिश करतात. दुपारी गुडघे ऐकत नाहीत.

ऑपरेशनच्या आधी सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर नवीन आहेत. त्यांनी जुनी फाइल उलटसुलट चाळली आणि मला विचारलं, "यांना स्वादुपिंडाला सूज आली होती? कधी? स्कॅनमध्ये तर कुठे खूण दिसत नाही. रक्तही स्वच्छ आहे."

मी म्हटलं, "पथ्य पाळलं त्यांनी."

"मग चांगलंच पाळलं," ते म्हणाले, आणि पान उलटलं.

एवढंच कळवायचं होतं. तुझी तब्येत कशी आहे? तुमच्या फर्निचरच्या फॅक्टरीत आता मशीनने फवारतात म्हणे पॉलिश. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "भिंत रंगवतात तसं?"

तुझी,
ताई

ता. क. त्या दिवशी हॉस्पिटलच्या जिन्यात तू मला एक गोळी दिली होतीस. पिवळी, आंबट. मी ती लगेच खाल्ली होती का रे? सहज विचारते.

२४ फेब्रुवारी

बारक्या,

उत्तर आलं नाही. येईल असं धरून चाललेही नव्हते. पण पत्र परतही आलं नाही, त्यावरच मी सध्या खूश आहे.

गोळीचं मी सहज विचारलं नव्हतं. ते नीट सांगायचं तर आधी तुला थोडं शिकवावं लागेल. कंटाळू नकोस, लहानपणी तुला पाढे मीच शिकवले होते, आणि तेही तुला आवडले नव्हते.

आमच्या लॅबचं मोठं मशीन जानेवारीत बंद पडलं. मॅडम म्हणाल्या, "हाताने तपासणी करायची जुनी पद्धत तुम्हालाच येते. दोघी नव्या मुलींना दाखवून ठेवा." मी अमायलेज ह्या पाचक रसाच्या तपासणीपासून सुरुवात केली, कारण ती डोळ्यांना दिसते.

आधी आरसा घे. वरच्या दुसऱ्या दाढेसमोर, गालाच्या आतल्या बाजूला जिभेचं टोक लाव. एक बारीक उंचवटा लागेल. ते एका नळाचं तोंड आहे. तो नळ कानापुढच्या लाळग्रंथीतून येतो. गालगुंड झालं की सुजते ती हीच. तुला झालं होतं तेव्हा बाबांनी तुझ्या डोक्यापासून हनुवटीपर्यंत फडकं बांधलं होतं आणि तू आठवडाभर दातदुखीच्या जाहिरातीसारखा हिंडत होतास. जबड्याखाली दोन्हीकडे अशीच एकेक ग्रंथी आहे, जिभेखाली आणखी दोन. कानाजवळची लाळ पाण्यासारखी पातळ, जिभेखालची चिकट. सगळ्यांची मिळून दिवसाला लिटरभर तरी होते, आणि आपण ती गिळत बसतो, कळतही नाही.

त्यात काहीतरी आंबट दिसलं, वास आला, नुसतं नाव काढलं तरी ह्या ग्रंथी कामाला लागतात. आत्ता तुझ्या तोंडाला पाणी सुटलं असेल. बघ.

सूक्ष्मदर्शकाखाली ही ग्रंथी द्राक्षाच्या घोसासारखी दिसते. पेशींचे बारीक मणी, प्रत्येक मण्याच्या मध्ये पोकळी, पोकळीतून केसाएवढी नळी, अशा नळ्या मिळत मिळत एक मोठी नळी. आता पोटात, जठराच्या मागे आडवं पडलेलं स्वादुपिंड घे. त्याचा काप काचेवर ठेवला तर तेच घोस, त्याच नळ्या. परीक्षेत निम्मी मुलं इथेच फसतात. फरक ओळखायची खूण म्हणजे स्वादुपिंडात त्या घोसांच्या मधेमधे फिक्या पेशींची बेटं असतात. साखर आवरणारं इन्सुलिन तिथून निघतं, आणि ते नळीबिळीच्या भानगडीत न पडता सरळ रक्तात जातं. लाळग्रंथीत असली बेटं नसतात.

बाकी दोघी सख्ख्या बहिणी. तोंडातली लाळेत अमायलेज सोडते, पोटातली आतड्यात सोडते. काम एकच, स्टार्च तोडून साखर करायची. पाव बराच वेळ चावला की गोड लागतो तो ह्यामुळेच. पोटातलीकडे मात्र आणखीही जहाल रस असतात, मांस पचवणारे. ते ती झोपवून पाठवते, आतड्यात पोचल्यावर त्यांना जाग येते. वाटेतच जाग आली तर ते स्वादुपिंडालाच खायला लागतात. सूज येते, जीव घेणारं दुखतं, आणि रक्तात अमायलेज भरमसाट वाढतं. मग आम्ही ते मोजतो.

मोजायचं कसं? स्टार्चच्या पाण्यात आयोडीन घातलं की गडद निळं होतं. त्यात आधी रुग्णाचं सीरम, म्हणजे रक्तातलं पिवळं पाणी, घालून ठेवायचं. अमायलेज जितकं जास्त, तितकं स्टार्च तुटणार आणि तितका निळा रंग फिका पडणार. मुलींना दाखवायला मी त्यांच्यातल्या चष्मेवालीला एका नळीत जरा थुंकायला सांगितलं. ती लाजली, मग थुंकली. त्या नळीत आयोडीन घातलं तर निळं होईचना. नुसती पिवळट झाक.

"अगबाई," ती म्हणाली, "एवढ्याशा थुंकीने?"

"रक्तात असतं त्याच्या हजारो पट लाळेत असतं," मी शिक्षिकेच्या सुरात म्हटलं.

चष्मेवालीने टेबलावरची पिपेट, म्हणजे सीरम मोजून ओढायची काचेची नळी, उचलली. "ताई, तुम्ही म्हणालात की पूर्वी पिपेट तोंडाने ओढायचे. मग अमायलेज करताना लाळ आत गेली तर?"

मी म्हटलं, "आम्ही काळजी घ्यायचो."

त्या क्षणापासून मला धड जेवण गेलेलं नाही. पुढचं नंतर लिहिते.

ताई

३ मार्च

बारक्या,

आज सगळं लिहिते. मध्येच थांबले तर पुन्हा धीर होणार नाही.

आठ वर्षांपूर्वी बाबांच्या पोटात दुखायला लागलं, तू आणि मी त्यांना रिक्षातून हॉस्पिटलला आणलं. रक्त मीच काढलं, तपासणी मीच केली. अमायलेज शंभराच्या आत असायला हवं, बाबांचं अकराशे आलं. मी पुन्हा केली, पुन्हा तेवढंच. डॉक्टर म्हणाले, स्वादुपिंडाला सूज आहे, आणि ह्याची दोन मोठी कारणं, पित्ताचे खडे नाहीतर दारू. सोनोग्राफीत खडे निघाले नाहीत.

मग मी काय केलं ते तुला सांगायला नको. पण मला ते माझ्या हाताने एकदा लिहायचंय. मी कारखान्यात आले आणि तुला विचारलं, "बाबांना काय पाजतोस तू? रोज संध्याकाळी दार लावून बसता दोघं." बाबांच्या अंगाला स्पिरिटचा वास येत होता. लाख स्पिरिटमध्ये भिजवूनच पॉलिश करतात, त्या वासात मी लहानाची मोठी झाले. दार का लावतात तेही मला ठाऊक होतं. ओल्या पॉलिशवर धूळ बसते म्हणून. हे सगळं माहीत असून मी विचारलं.

तू म्हणालास, "ताई, तुझा विश्वास बाबांवर आहे की त्या आकड्यावर?"

मी म्हटलं, "आकडा खोटं बोलत नाही."

दुसऱ्या दिवशी तू गेलास.

आता त्या सकाळचं. पिपेट ओढायला आमच्याकडे रबरी फुगा होता, तो फाटला होता. आमचे जुने सर तोंडानेच ओढायचे, मलाही त्यांनी तसंच शिकवलं होतं. पण ते हेही सांगायचे, "अमायलेज करताना पिपेटच्या वरच्या टोकात कापसाचा बोळा घाल." त्या दिवशी कापूस समोरच्या कपाटात होता. चार पावलांवर. मी उठले नाही.

आणि तोंडात गोळी होती. आठवायचं नव्हतं तरी आठवलं. जिन्यात मी रडत होते, तू खिशातून पिवळी गोळी काढलीस आणि म्हणालास, "हे चघळ, रडायला तोंड रिकामं राहणार नाही." मी ती चघळतच आत गेले, पिपेट ओढली, सीरम जरा जास्त वर आलं म्हणून उरलेलं परत त्याच नळीत सोडलं. त्याबरोबर आणखी काय गेलं असेल ते तुला आता कळेल. दुसऱ्यांदा तपासणी केली तीही त्याच नळीतून. म्हणूनच दोन्ही वेळा तेवढंच आलं. मला वाटलं, दोनदा आलं म्हणजे पक्कं.

तुझी गोळी, माझी लाळ आणि बाबांचं स्वादुपिंड. असा तिघांनी मिळून तो आकडा केला.

अजून एक आहे, ते सर्वांत वाईट. अकराशे बघून मी घाबरले, हे खरं. पण तुझ्यासमोर उभं राहून बोलताना मला आतून बरंही वाटत होतं. आई गेल्यावर बाबांनी तुला पॉलिश शिकवलं. मी दाराशी आले की म्हणायचे, "आत ये नाहीतर बाहेर जा." मी दरवेळी बाहेर गेले. त्या बंद दाराचा राग मी इतकी वर्षं सांभाळून ठेवला होता, आणि त्या दिवशी मला त्याला छापील कागद जोडता आला.

पण हे सगळं अजून ‘असेल’च आहे. लाळ गेली असेल. आकडा चुकला असेल. खात्री करायचा एक मार्ग आहे आणि मी आठ दिवस त्याला टाळतेय. रक्त आलं की त्यातलं थोडं सीरम तपासणीच्या आधीच वेगळ्या बाटलीत काढून गोठवून ठेवायची माझी सवय. बाबांचंही ठेवलं होतं. ती बाटली फ्रीझरच्या तळाच्या डब्यात अजून आहे. काल बघितली. झाकणावर माझ्याच अक्षरात ‘बाबा’ लिहिलंय. रुग्णाचा नंबर लिहायचा असतो, मी ‘बाबा’ लिहिलं होतं.

त्यातही आकडा मोठा निघाला तर मी तुला उगीचच आशा लावली असं होईल. लहान निघाला तर मी काय केलं ते नक्की होईल. कुठलं बरं, ते मला ठरवता येत नाही.

ताई

६ मार्च

बारक्या,

बहात्तर!

नीट सांगते. आज दुपारी चष्मेवालीला सोबत घेतलं. माझ्या हातावर माझा भरवसा उरला नव्हता, म्हणून ती करणार आणि मी लांब उभी राहणार असं ठरलं. मी तोंडाला मास्क लावला. ती म्हणाली, "ताई, तुम्ही दाराबाहेर उभ्या राहिलात तरी चालेल." मी म्हटलं, "जास्त बोलू नकोस, नळी उघडी आहे."

आठ वर्षं गोठलेल्या सीरमवर विश्वास ठेवावा का, हा प्रश्न होताच. अमायलेज तसं चिवट आहे, पण इतक्या वर्षांची हमी मला कुणी लिहून देणार नाही. म्हणून डब्यातली त्याच आठवड्याची आणखी एक बाटली काढली. एका बाईंची होती, त्यांना पित्ताच्या खड्यामुळे खरीच सूज आली होती. रजिस्टरमध्ये त्यांचं अमायलेज नऊशे लिहिलंय. आज आलं आठशे साठ. म्हणजे फ्रीझरने घात केलेला नाही. तेच दिवस, तोच डबा, त्यांचं टिकलं, तर बाबांचंही टिकायला हवं होतं. टिकायला होतंच कुठे!

दोन नळ्या शेजारी ठेवल्या आणि आयोडीन घातलं. बाईंची फिकट. बाबांची निळी. अशी निळी, की काय सांगू. नवीन शाईच्या दौतीसारखी. चष्मेवाली आकडा काढत होती, पण मला आकडा नकोच होता. मी स्टुलावर बसले आणि हसायला लागले. मॅडम केबिनमधून बाहेर आल्या, "काय झालं?" चष्मेवाली म्हणाली, "ताईंचे बाबा निर्दोष सुटले."

बाबांनी कधीच घेतली नव्हती. तू कधीच पाजली नव्हतीस. त्यांचं पोट बहुधा गुडघ्याच्या गोळ्यांनी दुखलं होतं, उपाशीपोटी घ्यायचे ते. गोळ्या बंद झाल्या तसं दुखणं थांबलं, आणि श्रेय आम्ही पथ्याला दिलं.

आठ वर्षं छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलंय. त्याच्या जागी माझी चूक येऊन बसलीय, पण ती माझी आहे. तिला सांभाळता येईल.

आता बाबांना सांगायचंय. उद्या रविवार आहे.

ताई

८ मार्च

बारक्या,

सांगितलं.

काल सकाळी ते जेवणाच्या टेबलाची फळी पॉलिश करत होते. मी दारात उभी राहिले.

"आत ये नाहीतर बाहेर जा. धूळ बसते."

मी आत गेले आणि दार लावलं. ह्या खोलीत दार लावून मी पहिल्यांदा उभी राहिले. मग बोलायला लागले. गोळी, कापूस, पिपेट, निळा रंग, सगळं. बाबांचा हात चालूच होता. मला वाटलं, ऐकत नाहीत. मग आठवलं की पॉलिशची कापडी पुरचुंडी लाकडावर थांबली तर डाग पडतो. त्यांनी फळीच्या टोकापर्यंत हात नेला, पुरचुंडी डब्यात ठेवली, झाकण लावलं, हात पुसले.

"म्हणजे थुंकी तुझी."

"हो बाबा."

"आणि उकडलेल्या भाज्या मी खाल्ल्या."

"हो."

"आठ वर्षं."

"हो."

"अगं, थुंकायचंच होतं तर बाहेर जाऊन थुंकायचं ना!"

आणि हसायला लागले. टाक्यांची जागा दुखते म्हणून पोट धरून हसत होते. मला हसावं की रडावं कळेना, तर मी दोन्ही केलं.

मी विचारलं, "तेव्हा तुम्ही का नाही बोललात? घेत नाही असं एकदा तरी ठासून सांगायचं."

"डॉक्टरांना सांगितलं. तुला सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला मला लाज वाटली. तुमच्या छापील कागदापुढे माझं काय चालणार होतं?" डब्याचं झाकण पुन्हा दाबून घट्ट केलं. "पण त्याच्यासाठी बोलायला हवं होतं. मी रुसून बसलो आणि तो गेला. हेही लिही त्याला. सगळं स्वतःच्याच नावावर घेऊ नकोस."

लिहिलं.

"उत्तर आलं का त्याचं?"

"नाही."

"माझ्यावर गेलाय. सुकायला वेळ लागतो."

दुपारी मी त्यांना लोण्यात परतलेली दोन अंडी करून दिली. पहिला घास घेऊन म्हणाले, "लोणी असं लागायचं? मला वाटलं होतं याहून बरं लागत असेल." तरी ताटली पावाने पुसून संपवली, आणि रात्रीच्या जेवणाला काय आहे ते दुपारीच विचारलं.

आज मॅडमना सगळं लेखी दिलं. आठ वर्षांपूर्वीच्या रजिस्टरमध्ये त्या अकराशेवर लाल शाईने रेघ मारली, शेजारी कारण लिहिलं आणि सही केली. मॅडमनी कारण दोनदा वाचलं. म्हणाल्या, "पंचवीस वर्षांत रजिस्टरमध्ये ‘आंबट गोळी’ हा शब्द पहिल्यांदा बघतेय." मग चष्मेवालीला हाक मारून म्हणाल्या, "मुलींना शिकवताना हे उदाहरण द्यायचं. नाव न घेता." मी म्हटलं, "नाव घेतलं तरी चालेल."

तू माफ कर असं मी लिहिणार नाही. तुला वाचायला मिळावं एवढ्यासाठीच लिहिलं.

ताई

२ एप्रिल

बारक्या,

तुझं पुडकं आज आलं. पोस्टमन ते लॅबमध्येच घेऊन आला, कारण तू घरचा पत्ता न घालता लॅबचा घातलास. मुद्दामच ना?

चष्मेवालीने कात्रीने दोरा कापला. आत पत्र्याची डबी, आणि डबीत पिवळ्या आंबट गोळ्या, काठोकाठ. पत्र नाही. मी कागद उलटापालटा केला, डबी झटकली, काही नाही. म्हटलं, ठीक आहे, ह्याचाही अर्थ मला लावता येतो. झाकण लावायला गेले तर झाकणाच्या आतल्या बाजूला कागदाची पट्टी चिकटवलेली. तुझं तेच कोंबडीच्या पायांसारखं अक्षर.

‘काम करताना तोंडात ठेवायची नाही.’

मी ते चष्मेवालीला वाचून दाखवलं. मग मॅडमना. मग झाडलोट करणाऱ्या मावशींना, ज्यांना ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "बरोबर सांगतोय की तो!" नुसत्या वाचण्यानेच कानापुढून जबड्यापर्यंत कळ आली आणि तोंड पाण्याने भरलं. कुठल्या ग्रंथीने काय केलं ते मला बरोबर सांगता आलं असतं, पण बोलता येत नव्हतं.

घरी येऊन डबी बाबांच्या हातात दिली. त्यांनी पट्टी वाचली, एक गोळी गालात ठेवली, दुसरी माझ्यापुढे केली. "तू आता कामावर नाहीस ना? मग खा."

ते टेबल अजून तसंच आहे. बाबा रोज फळीवरून बोट फिरवतात, पण पुरचुंडी हातात घेत नाहीत. मी विचारलं, गिऱ्हाईक कधी यायचंय? तर म्हणतात, "गिऱ्हाइकाचं नाही ते. घरचंच आहे. तिघांना पुरेल एवढं. शेवटचा हात राहिलाय, माझा हात आता कापतो. त्याला लिही."

लिहिलं. कारखान्याचं दार ते लावूनच ठेवतात, धूळ बसू नये म्हणून. नुसतं लोटलेलं असतं. आतून कडी घातलेली नाही, आज मी स्वतः बघून आले.

तुझी,
ताई